कूलरमागचं घरटं : पारवे, दाणे आणि आपला श्वास

फेब्रुवारी संपत आला की सोलापुरात घरोघरी एक काम निघतं. कूलर पुसायचा, जुनं गवत काढून नवं भरायचं, पंप चालतोय का बघायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या खिडकीतल्या कूलरचं मागचं झाकण काढलं, तर मागच्या कठड्यावर पारव्याचं घरटं. केरसुणीच्या काड्या, तारेचा वाकडा तुकडा आणि मधूनमधून लाल-हिरवं सूत. गल्लीच्या टोकाला चादरीचे माग आहेत, तिथलं ते सूत. त्यावर दोन पांढरी अंडी. घरट्याच्या भोवती बोटभर जाडीचा विष्ठेचा थर, उन्हानं वाळून भुगा झालेला.

मी झाकण परत लावून टाकलं. पिल्लं उडून गेली की मगच कूलर चालवायचा असं ठरवलं होतं. पण मार्चच्या शेवटी ऊन सोसेना म्हणून तो लावलाच. त्या खोलीत वडील झोपतात.

पावसाळ्यात त्यांना कोरडा खोकला सुरू झाला. जिना चढताना धाप लागायची. तरुणपणी त्यांनी मागावर काम केलंय, त्यामुळे कापसाचं तूस छातीत बसलं असेल असं आम्ही धरून चाललो. खोकल्याच्या बाटल्या संपल्या, खोकला गेला नाही. शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बिडी-सिगारेटचं विचारलंच, पण त्याआधी विचारलं, "घराजवळ पारवे आहेत का? घरात कूलर आहे का?" हे दोन प्रश्न एका दमात का आले, ते मला तेव्हा कळलं नाही. ते कळून घ्यायला जे वाचलं, विचारलं, त्यातून हा लेख झाला.

निमित्त आणखीही आहे. २०२५ च्या जुलैत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करणार असं सरकारनं विधान परिषदेत सांगितलं. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, आंदोलकांनी ती ताडपत्री काढून टाकली, आणि प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेपाला नकार दिला. टीव्हीवर दोन बाजू भांडताना सगळ्यांनी पाहिल्या. पण पारवे इतके वाढतात कशामुळे, त्यांच्यामुळे छातीत नेमकं काय बिघडतं, आणि आपल्यासारख्या शहरात माणसानं करायचं काय, हे त्या भांडणात राहूनच गेलं.

### पारवा आपल्या खिडकीतच का येतो?

मूळचा पारवा कड्याकपारीत राहणारा. उभा कातळ, त्यात एखादी आडवी खाच, वर थोडा आडोसा, एवढं मिळालं की तो घरटं करतो. झाडावर तो सहसा घरटं करत नाही. आता आपली इमारत त्याच्या नजरेनं बघा. उभी भिंत म्हणजे कडा, छज्जा म्हणजे खाच, एसीचं बाहेरचं यंत्र किंवा कूलर म्हणजे आडोसा. संडास-बाथरूमच्या पाइपांसाठी सोडलेली डक्ट तर त्याला घळीसारखीच वाटत असणार. भुईकोट किल्ल्याच्या तटात पारवे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जुळे सोलापुरात चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या तसे नवे कडे तयार झाले, आणि पारवे तिथंही गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसानं हा पक्षी हजारो वर्षं पाळलाय. मांसासाठी, निरोप पोचवण्यासाठी, शर्यतीसाठी. शहरातल्या पारव्यांमध्ये त्या पाळीव पारव्यांचं रक्त मिसळलेलं आहे. माणसाची भीती कमी असणं आणि वर्षभर अंडी घालणं हे त्यातून आलेले गुण. म्हणजे तो आपल्या घरात घुसलेला परका नाही. आपणच त्याला जवळ केलंय.

### एका जोडीचा संसार

मादी एका वेळी दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीनं साधारण १८ दिवस अंडी उबवतात. पिल्लू निघाल्यावर पहिले काही दिवस आईबाप दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा रस त्याला भरवतात. त्याला पारव्याचं दूध म्हणतात. बहुतेक पक्ष्यांना पिल्लांसाठी अळ्या-किडे शोधावे लागतात, म्हणून त्यांची विण ऋतूला बांधलेली असते. पारव्याला तसं काही लागत नाही. स्वतःला दाणे मिळाले की पिल्लाचं दूध अंगातच तयार. त्यामुळे मार्च असो की डिसेंबर, पोट भरलेली जोडी अंडी घालू शकते. महिना-सव्वा महिन्यात पिल्लू उडतं, आणि कित्येकदा ते उडण्याआधीच पुढची अंडी पडलेली असतात. खाणं भरपूर असेल तर एक जोडी वर्षाला पाच-सहा विणी करते.

म्हणजे दहा-बारा पिल्लं. सगळी जगत नाहीत. किती जगतील हे जवळजवळ एकाच गोष्टीवर ठरतं, आणि ती म्हणजे दाणे.

### जेवढी ताटं, तेवढी पंगत

एखाद्या जागेत किती जीव तगू शकतात, याची एक मर्यादा असते. अभ्यासक तिला धारणक्षमता म्हणतात. मी तिला ताटं म्हणते. खानावळीत रोज शंभर ताटं वाढली जात असतील, तर जेवायला शंभर जण येणारच. त्यातल्या वीस जणांना बाहेर काढलं तरी ती वीस ताटं रिकामी राहत नाहीत, दुसरे वीस येऊन बसतात. खानावळ मोठी करायची की लहान, हे दारावर उभा असलेला माणूस ठरवत नाही. स्वयंपाकघर ठरवतं.

एक पारवा दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे खातो. चौकात रोज एक किलो ज्वारी टाकली की तीसेक पारव्यांचं जेवण झालं. आणि ते अर्ध्या तासात झालं. एरवी शेत, मोंढा, रस्ता असं दिवसभर दाणे टिपत फिरावं लागलं असतं. तो सगळा वेळ आता मोकळा, आणि मोकळा वेळ घरट्याला मिळतो. टाकलेल्या दाण्यांनी पारव्याचं पोट भरतंच, पण त्याहून जास्त त्याचा वेळ वाचतो, आणि संख्या वाढते ती तिथं.

याचा सगळ्यात स्पष्ट दाखला स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराचा. १९६१ ते १९८५ या काळात तिथं सुमारे एक लाख पारवे मारले गेले, तरी शहरात वीस हजारांच्या आसपास पारवे राहिलेच. मेलेल्यांच्या ताटावर नवे येऊन बसत होते. १९८८ पासून तिथल्या जीवशास्त्रज्ञांनी उलटी वाट धरली. दाणे टाकल्यानं पारव्यांचेच हाल होतात, गर्दीत त्यांना रोग होतात, पिल्लं तडफडून मरतात, हे लोकांना चित्रं-पत्रकांमधून सांगितलं. थोडी देखरेखीखालची खुराडी बांधली आणि तिथली अंडी काढून घेतली. साधारण चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली. पंचवीस वर्षं बंदुकीला जे जमलं नाही, ते दाण्याची मूठ आवरल्यानं झालं.

### समुद्रकाठच्या गावांचंही हेच दुखणं

ब्रिटनमधल्या समुद्रकाठच्या गावांत पारव्याच्या जागी कुरव आहे. पांढरा, करड्या पंखांचा, पिवळ्या चोचीचा, चांगला दणकट पक्षी. बाकावर बसून चिप्स खाणाऱ्याच्या हातातून तो घास पळवतो, पहाटे छपरावर ओरडतो, पिल्लांच्या दिवसांत माणसाच्या डोक्यावर झेप घेतो. तोही मुळात कड्यावरचाच. घरांची छपरं त्याला कडा वाटली, आणि कचऱ्याचे ढीग ताटं वाटली. गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की गावात त्याचा वैताग होत असताना नैसर्गिक किनाऱ्यावर तो झपाट्यानं कमी झालाय. तिथला हेरिंग गल हा कुरव २००९ पासून चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत आहे, आणि १९८१ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. गर्दी दिसते म्हणून पक्षी मुबलक आहे, असं म्हणता येत नाही.

एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चिप्सची पिशवी जमिनीवर ठेवायची, आणि कधी कुरवाकडे रोखून बघायचं, कधी मान वळवायची. माणूस रोखून बघत असेल तर कुरवाला पिशवीपर्यंत यायला सरासरी २१ सेकंद जास्त लागले. पक्षी आपल्याला किती बारकाईनं वाचतात बघा. आमच्या शेजारच्या काकूंनी गच्चीचं दार उघडलं की पारवे उतरतात, मी उघडलं की जागचे हलत नाहीत.

कुरव आपल्यालाही अनोळखी नाही, फक्त इथं येतो त्याच्या जाती वेगळ्या. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर तो येतो आणि उन्हाळा लागायच्या आत उत्तरेला परततो. इथं त्याचा कुणाला त्रास नाही, कारण इथं तो पाण्यावर जगतो, माणसाच्या हातावर नाही. मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर मात्र लोक त्याला फरसाण टाकतात, आणि तो लाँचमागे लागतो. तळलेलं खारट बेसन त्याच्या पोटाला बरं नाही, आणि ती सवय तर त्याहून नाही.

### छातीत नेमकं काय होतं?

आता डॉक्टरांच्या प्रश्नाकडे येते. आजाराचं नाव लांबलचक आहे: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. एकदाच लिहिते, पुढे नुसतं 'हा आजार' म्हणते. अर्थ असा, की श्वासातून जाणाऱ्या एखाद्या बारीक कणावर शरीर गरजेपेक्षा जास्त चिडतं आणि त्या चिडण्यानं फुप्फुसाला सूज येते.

तो कण पारव्याच्या वाळलेल्या विष्ठेत असतो आणि पिसांवरच्या भुकटीतही. पारवा खिडकीच्या काचेवर आपटला की काचेवर त्याची पांढरी आकृती उमटते, पंख पसरलेली, अगदी पिसं मोजावीत इतकी स्पष्ट. ती आकृती म्हणजे हीच भुकटी. पारव्याचं शरीर पिसं जपायला ती सतत तयार करत असतं. आपल्या दृष्टीनं ती प्रथिनांची धूळ.

मागाच्या कारखान्यात काम केलेल्यांना तुसाचं दुखणं माहीत आहे. एका दिवसात काही होत नाही, वर्षानुवर्षं आत जात राहतं. इथंही तसंच. शरीराचा राखणदार आधी दुर्लक्ष करतो. मग कधीतरी त्या धुळीला चोर समजतो आणि चोराच्या नादात घरातलीच भांडी फोडायला लागतो. काहींना पारव्यांजवळ राहिल्यावर चार-आठ तासांनी ताप, थंडी, खोकला येतो आणि फ्लू समजून तो विसरला जातो. बहुतेकांना मात्र हळूहळू कोरडा खोकला, चढावर धाप, थकवा, वजन उतरणं असं सुरू होतं.

वेळेत लक्षात आलं आणि धूळ थांबली तर सूज उतरू शकते. नाही आलं तर फुप्फुसात कडक व्रण पडतात. टॉवेलचा दृष्टान्त देते, आपल्या सगळ्यांच्या हाताखालचा आहे. नवा टॉवेल पाणी टिपतो तो त्याच्या मऊ उभ्या धाग्यांमुळे. तोच जागोजागी फाटून रफू केला, की रफूच्या जागा ताठ होतात. कपडा दिसतो अख्खा, पण तेवढ्या जागी पाणी टिपलं जात नाही. फुप्फुस हवेतून प्राणवायू टिपतं, आणि व्रणाच्या जागी ते टिपणं बंद होतं. ते परत मऊ करायचं औषध आज नाही.

म्हणून घाबरून जायचं का? नाही. पारव्यांजवळ राहणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागतही नाही. पण तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त कोरडा खोकला आणि धाप असेल, तर छातीच्या डॉक्टरांना भेटा आणि पारव्यांचं, कूलरचं आपणहून सांगा. याखेरीज जुन्या विष्ठेत वाढणाऱ्या काही बुरशींचा धोका वेगळा. तो मुख्यतः ज्यांची प्रतिकारशक्ती आजारानं किंवा औषधांनी खाली गेली आहे त्यांना.

### पारवे आणि कूलर एका प्रश्नात कसे?

सोलापूरकरांनी हा भाग दोनदा वाचावा अशी माझी विनंती आहे.

फुप्फुसाच्या ऊतींना सूज आणि व्रण येणाऱ्या आजारांची देशभरातली एक मोठी पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ शहरांतली २७ केंद्रं, १,०८४ रुग्ण. त्यातल्या ४७.३ टक्के रुग्णांना हाच आजार निघाला, आणि अशा रुग्णांपैकी ४८.१ टक्के लोकांचा संबंध एअर कूलरशी आला होता. हे आकडे आधीच आजारी पडलेल्यांचे आहेत, सगळ्या गावाचे नाहीत, हे ध्यानात ठेवा. तरी ज्या गावात पारा चाळिशी ओलांडतो आणि घरागणिक कूलर आहे, तिथं ते मनावर घ्यावे असेच आहेत.

कूलरचा दोष असा. त्याचा पंखा बाहेरची हवा गवतातून आत ओढतो. गवत सतत ओलं, टाकीत तेच पाणी आठवडाभर. त्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि त्यांचे कण हवेबरोबर उशापर्यंत येतात. शरीर जसं पारव्याच्या धुळीवर चिडतं, तसंच बुरशीवरही चिडू शकतं. आता कूलरच्या पाठीमागे घरटं असेल तर काय होईल बघा. पंखा ओढतो ती हवाच विष्ठेच्या थरावरून येते. गवत ओलं असताना काही धूळ अडते, पण ती टाकीत उतरते आणि तेच पाणी पुन्हा गवतावर फिरतं. पहाटे गारठा वाटतो म्हणून पंप बंद करून नुसता पंखा ठेवला, की गवत वाळतं आणि ती अडवणूकही जाते. माझ्या वडिलांच्या खोलीत आम्ही दोन महिने रात्रभर हेच केलं.

आमच्याकडे आता कूलर त्या खिडकीतून हलवला आहे. गवत दर मोसमाला नवं, टाकी दर तीन-चार दिवसांनी रिकामी करून घासायची आणि वाळवायची, मोसम संपला की ओलं गवत आत ठेवायचं नाही. वडिलांना औषधं सुरू आहेत, खोकला बराच कमी आहे. जिन्यात मात्र अजून एकदा थांबतात.

### "आमच्या आजोबांच्या वेळीही पारवे होते की!"

होते. पण वाड्याला चौक होता, वारा होता, आणि पारवा माळवदाच्या पलीकडच्या भिंतीत होता, उशाशी नव्हता. आताच्या फ्लॅटमध्ये डक्ट बंद, गॅलरीला काचा, आणि घरटं झोपायच्या खिडकीपासून हातभर अंतरावर. दुसरं म्हणजे आजोबांच्या वेळी धाप लागणाऱ्याला दमेकरी म्हणत, नाहीतर क्षयाची शंका घेत. पारवे पाळणाऱ्यांचा हा आजार १९६५ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. फुप्फुसाचा बारीक छेद दाखवणारं सीटी स्कॅन आपल्या गावात आलं ते त्यानंतर खूप वर्षांनी. तेव्हा कुणाला काही झालं नाही, असं आपण म्हणतो. झालं असेल तर ते कळायची सोयच नव्हती.

### "मग हाकला, नाहीतर पकडून लांब सोडा"

लांब सोडलेला पारवा परत येतो. ज्या गुणावर माणसानं त्याला हजारो वर्षं टपाल्या म्हणून वापरलं, तो गुण तुमच्या गच्चीसाठी नाहीसा होणार नाही. विष घालणं क्रूर आहे आणि प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय ते विष शिक्र्याच्या, मांजराच्या पोटात जातं. प्लॅस्टिकचं घुबड, टांगलेल्या सीडी, चकाकत्या पट्ट्या पहिले काही दिवस चालतात, मग पारवा त्यांच्यावरच बसतो. माणसाला न ऐकू येणाऱ्या आवाजानं पक्षी पळवणारी यंत्रं विकली जातात, त्यांवर पैसे घालवू नका. तो आवाज पारव्यालाही ऐकू येत नाही. चिकट लेप तर लावूच नका, त्यात चिमण्या अडकून मरतात.

चालते ती जाळी, आणि तीही नीट लावलेली. दोन इंची डोळ्याची, ताणून, खाली-वर-बाजूला फट न ठेवता. ढिल्या जाळीत पारवा गुंतून उलटा लोंबकळतो आणि उन्हात मरतो. हे मी पाहिलंय, आणि ते दृश्य विसरता येत नाही. कठडा अरुंद असेल तर त्यावर तिरकी फळी किंवा फरशी बसवली तरी पुरतं, पारव्याला उतारावर घरटं टिकवता येत नाही.

जाळी लावण्याआधी आत घरटं आहे का ते बघा. नुसत्या काड्या असतील तर त्या रोज काढा, आठवडाभरात जोडी दुसरी जागा शोधते. पिल्लं असतील तर थांबा. अंडं पडल्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण सात आठवडे. ते उडालं की त्याच दिवशी साफसफाई आणि जाळी, कारण एका दिवसाच्या उशिरानं पुढची अंडी पडतात.

साफसफाई कोरड्या झाडूनं कधीच करू नका. सगळ्यात जास्त धूळ छातीत जाते ती त्या दहा मिनिटांत. थरावर आधी साबणाचं पाणी शिंपडून तो पूर्ण भिजू द्या, मग खरवडून पिशवीत भरून तोंड बांधा. नाकावर एन-९५ मास्क, हातात मोजे. दमेकरी, म्हातारी माणसं आणि लहान मुलं त्या वेळी घरात दुसऱ्या टोकाला.

### "मुक्या जीवाच्या तोंडचा घास काढायचा?"

हा प्रश्न मला शेजारच्या काकूंनी विचारला. काका गेले तेव्हापासून त्या रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकतात. "तू म्हणतीस ते खरं असंल गं," त्या म्हणाल्या, "पण हात रिकामा ठेवून दिवस सुरू करायचा कसा?" याला आकडेवारीनं उत्तर देता येत नाही, आणि काकूंच्या या भावनेची टिंगल करणाऱ्यांचा मला राग येतो. जीवदया ही आपल्या घरांतली चांगली गोष्ट आहे. म्हणूनच ती जिथं पोचते तिथं खरंच भलं होतंय का, हे बघितलं पाहिजे.

दाणे टाकतो त्या चौकातल्या पारव्यांचे पाय बघा. कुणाचं एक बोट नाही, कुणाचा अख्खा पंजा नुसता गोळा. जमिनीवर गर्दीनं चालताना धागा, केस पायाला गुंडाळतात, काच बसतो, बोट काळं पडून गळतं. पॅरिसमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जिथं केशकर्तनालयं जास्त तिथं बोटं गमावलेले पारवे जास्त आढळले. आपल्या शहरात सुताचे तुकडे रस्त्यावर पडलेले असतात, आणि संक्रांतीच्या सुमाराला नायलॉनचा मांजा. आम्ही त्याला जिथं बोलावतो, तिथंच त्याचा पाय जातो.

दाणे थांबले तर पारवे उपाशी मरतील का? एकदम सगळ्या गावानं हात आखडला तर काही दिवस त्यांची तारांबळ होईल, म्हणून हळूहळू कमी करावं. पण पारवा हा काही मैल उडून चरायला जाणारा पक्षी. सोलापूरच्या चारी दिशांना ज्वारीची, हरभऱ्याची रानं आहेत, बाजार समितीचं आवार आहे. दाणे शोधण्यात वेळ गेला की तो घरटी कमी करतो. संख्या उतरते ती मुख्यतः न घातलेल्या अंड्यांमुळे.

आणि दान करायचंच असेल तर गरज कुणाला आहे? चिमण्यांना घर नाही. त्यांच्यासाठी लहान तोंडाची लाकडी पेटी, अंगणात बोर-बाभळीसारखं काटेरी झाड, एप्रिल-मेमध्ये रोज धुऊन भरलेलं पाण्याचं उथळ भांडं. आपल्या जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथं माळढोक दिसणंच दुर्मीळ आहे. त्याला मूठभर ज्वारी नको, त्याला मोकळा माळ हवा. माळरान राखण्याच्या कामाला दिलेला दिवसही दानच आहे.

काकूंना मी हे सगळं एका दिवसात सांगितलं नाही. वर्ष लागलं. आधी त्यांनी ज्वारीचं माप निम्मं केलं, मग रोजऐवजी एक दिवसाआड. चैत्रात गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात मातीची थाळी मांडली. आता रोज सकाळी त्या ती नारळाच्या शेंडीनं घासतात, ताजं पाणी भरतात आणि कट्ट्यावर बसून राहतात. परवा मला हाक मारून वर बोलावलं. थाळीवर दोन चिमण्या आणि एक बुलबुल होता, आणि कठड्यावर पारवे होते, मोजून पाच.